एका फोल्डरमधली सगळी मॉड्यूल्स एकदम कशी लोड करायची? (नोड, अडत दुकानाचा प्रोग्राम)

काटापट्टी (सांगली)
नमस्कार मंडळी,
माझ्या मामांची मार्केट यार्डात अडत आहे. मुख्य माल हळद, जोडीला बेदाणा, गूळ आणि थोडं कडधान्य. सौदा झाल्यावर शेतकऱ्याला द्यायची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, आजवर दिवाणजी हाताने लिहीत आले. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून गेले चार महिने रात्री बसून मी नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं अवजार) प्रोग्राम लिहितोय.

प्रत्येक मालाचा हिशेब वेगळा. हळदीत हळकुंड, गट्टा आणि कणी यांचे दर वेगळे, वर बारदान वजा. बेदाण्याचे बॉक्स, गुळाचे रवे. म्हणून 'माल' नावाचं फोल्डर केलंय आणि त्यात मालागणिक एक फाइल. प्रत्येक फाइल दोनच गोष्टी बाहेर देते, मालाचं नाव आणि हिशेब करणारं फंक्शन. सध्या नऊ फाइली आहेत.

अडचण अशी, की नवीन माल आला की फाइल लिहायची आणि परत मुख्य फाइलमध्ये जाऊन तिचं रिक्वायरही (ती फाइल आत घेणारी ओळ) लिहायचं. मागच्या आठवड्यात उडदाची फाइल लिहिली, रिक्वायर राहून गेलं. शेतकरी समोर उभा आणि यादीत उडीदच नाही. रिक्वायरला नुसतं फोल्डरचं नाव देऊन बघितलं, तर 'मॉड्यूल सापडत नाही' म्हणतंय. फोल्डरमध्ये फाइल टाकली की आपोआप उचलली जाईल असं काही करता येतं का?

मिरजेचा_तंतू
फोल्डर म्हणजे मॉड्यूल नव्हे. रिक्वायरला फोल्डरचं नाव दिलंत, तर नोड त्या फोल्डरात पॅकेज डॉट जेसन ही माहितीची फाइल आहे का आणि त्यात 'मेन' (मुख्य फाइल कोणती ते) लिहिलंय का ते बघतं. नसेल तर इंडेक्स डॉट जेएस शोधतं. तीही नसेल तर तुम्हाला दिसली ती एरर. आतल्या सगळ्या फाइली उचलायचं काम ते स्वतःहून कधीच करत नाही.

नेहमीचा मार्ग असा: एफएस या फाइली हाताळणाऱ्या मॉड्यूलच्या रीडडिरसिंकने फोल्डरातल्या नावांची यादी घ्या, तिच्यातली डॉट जेएसने संपणारी नावं ठेवा आणि त्या प्रत्येकाला रिक्वायर करून नावानुसार एका ऑब्जेक्टमध्ये किंवा मॅपमध्ये भरा. चार-पाच ओळींचं काम आहे.

बत्तीसशिराळा
नऊ ओळी हाताने लिहिल्यात ना? मग राहू द्या की. नऊ ओळींसाठी एवढा खटाटोप नको.

काटापट्टी (सांगली)
तंतूदादा, मनापासून आभार. घरी करून बघितलं, नऊच्या नऊ फाइली उचलल्या.

शिराळकर, उडदाचा प्रसंग परत नको म्हणून खटाटोप.

पण आज सकाळी दुकानात घोळ झाला. तिथल्या लिनक्सवर मशीन चालू होताच प्रोग्राम चालू व्हावा म्हणून सिस्टमडीची सर्व्हिस केलीय. ती चालू होते आणि लगेच मरते. 'माल' नावाचं फोल्डरच नाही म्हणते. तेच मी टर्मिनल उघडून त्या फोल्डरात जाऊन हाताने चालवलं की व्यवस्थित चालतं. फोल्डर तर जागेवरच आहे!

वारणाकाठ
हे दुखणं मी ओळखतो, मीही एक अख्खा दिवस यात घालवलाय.

रिक्वायर आणि रीडडिर या दोघांना 'टिंब-स्लॅश-माल' असा एकच पत्ता दिला तरी दोघांना त्याचे वेगळे अर्थ लागतात. रिक्वायर तो पत्ता, ज्या फाइलीत ते लिहिलंय तिथून मोजतं. रीडडिर मात्र प्रोग्राम ज्या फोल्डरात उभं राहून चालू केला तिथून मोजतं, म्हणजे प्रोसेस डॉट सीडब्ल्यूडी. तुम्ही घरी प्रोजेक्टच्या फोल्डरात उभे होतात, म्हणून दोन्ही पत्ते योगायोगाने जुळले. सिस्टमडी सर्व्हिस चालू करताना वेगळं काही सांगितलं नसेल तर रूटवर, म्हणजे डिस्कच्या सगळ्यात वरच्या फोल्डरात, उभी असते. तिथून 'माल' शोधलं तर कुठून सापडणार?

उपाय एकच. पाथ डॉट जॉइनने डबल अंडरस्कोर डिरनेम (ही फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता) आणि 'माल' जोडा, आणि तोच पूर्ण पत्ता रीडडिरलाही द्या आणि रिक्वायरलाही. सर्व्हिसच्या फाइलीत वर्किंग डिरेक्टरी लिहूनही चालेल, पण उद्या कोणी दुसऱ्या तऱ्हेने चालू केलं की परत तेच. पत्ता कोडमध्येच पक्का करा.

काटापट्टी (सांगली)
चाललं! वारणाकाठ, तुमच्यामुळे आजच्या सौद्याआधी चालू झालं. दिवाणजींनी पहिली छापील पट्टी डोळ्यांजवळ धरून आकडे बोटाने जुळवले, मग सही केली.

हरिपूरचा_नातू
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी कोडवाला नाही, मुलगा आहे. त्याने वाचून दाखवलं.

आमच्या हरिपुरात हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे. तोंड लहान, पोट मोठं. बंद केलेलं पेव उघडलं की लगेच माणूस आत उतरवत नसत. तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, मग कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. हे आजोबांनी मला लहानपणी पेवाच्या तोंडाशी उभं करून दाखवलंय. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि पुष्कळ पेवं गेली.

मुलाला विचारलं, हे फोल्डर उघडायच्या आधी आत काय आहे ते बघतात का? तो म्हणाला, नाही बाबा, सरळ उतरतात.

मुग्धा_विश्रामबाग
काका, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. काटापट्टीदादा, हे फार महत्त्वाचं आहे.

रिक्वायर म्हणजे फाइल नुसती वाचणं नव्हे. रिक्वायर केलं की ती फाइल चालते. तिच्यात वरच्या पातळीवर जे लिहिलंय ते सगळं घडतं. म्हणजे 'फोल्डरमधलं सगळं लोड करा' याचा अर्थ 'या फोल्डरात कोणीही काहीही ठेवलं तर ते आमच्या सर्व्हरवर चालवा'.

मी कामाला लागले त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे असंच एक फोल्डर होतं आणि गाळणी फक्त 'डॉट जेएस' एवढीच. एका मित्राने चाचणीची फाइल शेजारीच ठेवली, शेवटी डॉट टेस्ट डॉट जेएस. नावाचा शेवट डॉट जेएसच, त्यामुळे तीही लोड झाली. चाचणीच्या सुरुवातीला तात्पुरती टेबलं रिकामी करायची ओळ होती. ती खऱ्या डेटाबेसवर चालली. बॅकअप होता म्हणून निभावलं, पण रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही तिघं नोंदी जुळवत बसलो होतो.

तेव्हा गाळणी नीट लावा. टिंबाने सुरू होणारी नावं नकोत (संपादकाच्या तात्पुरत्या फाइली, मॅकची डीएस-स्टोअर), चाचण्या नकोत, उपफोल्डरं नकोत. रीडडिरला 'विथ फाइल टाइप्स' हा पर्याय दिला की फाइल कोणती आणि फोल्डर कोणतं ते लगेच कळतं. आणि शेतकऱ्यांचे सातबारा किंवा फोटो अपलोड करायची सोय करणार असाल, तर ते या फोल्डराच्या आसपासही साठवू नका.

कृष्णाकाठ_२
+१. आमच्याकडे 'हळद - कॉपी' नावाची फाइल लोड झाली होती. यादीत हळद दोनदा, आणि दुसरीत जुना दर. यादीऐवजी मॅप असेल तर नंतर आलेली आधीचीला गुपचूप पुसते. नाव आधीच असेल तर प्रोग्रामने तिथेच थांबून दोन्ही फाइलींची नावं सांगावीत.

भडंगप्रेमी
हळदीचा विषय निघालाच आहे, तर राजापुरीला सध्या काय दर चाललाय?

मिरजेचा_तंतू
त्याला वेगळा धागा काढा. आणि येताना भडंग आणा.

सुमनताई_तासगाव
मी क्रमाबद्दल लिहिते, कारण त्यावर अजून कोणी बोललं नाही.

एक्स्प्रेसमध्ये (नोडवर वेब सर्व्हर बनवायची लायब्ररी) ज्या क्रमाने रस्ते, म्हणजे कोणत्या पत्त्याला कोणतं काम ते, नोंदवाल त्याच क्रमाने ते तपासले जातात. आमच्या बेदाणा कोल्ड स्टोरेजच्या प्रोग्राममध्ये रस्त्यांच्या फाइली अशाच फोल्डरातून उचलल्या जायच्या. दोन फाइली होत्या. 'न्यू' ही नवीन पावतीची, आणि 'शो' ही नंबर देऊन जुनी पावती बघायची. रोमन अक्षरक्रमात एन एसच्या आधी, म्हणून 'न्यू' आधी नोंदला जायचा, 'शो' नंतर. वर्षभर सुरळीत.

एके दिवशी एका मुलाला वाटलं, 'शो'पेक्षा 'आयडी' हे नाव जास्त बरोबर आहे. त्याने फाइलीचं फक्त नाव बदललं. आतली एक ओळही बदलली नाही. आता आय हे एनच्या आधी. नंबरवाला रस्ता आधी नोंदला गेला आणि 'नवीन पावती' दाबलं की प्रोग्राम 'न्यू' हाच पावतीचा नंबर समजून डेटाबेसमध्ये शोधायला लागला. बाहेर बेदाण्याच्या गाड्या लागलेल्या, आत पावती निघत नाही, आणि कोडमध्ये काय बदललं ते बघावं तर काहीच बदललेलं नाही!

त्या दिवसापासून माझं ठाम मत आहे. क्रमाने फरक पडत असेल तर तो फाइलीच्या नावावर सोडू नये. प्रत्येक मॉड्यूलने स्वतःचा क्रमांक बाहेर द्यावा आणि लोड झाल्यावर त्यावर लावून घ्यावं. क्रमाने फरक पडत नसेल तरी यादी स्वतः सॉर्ट करून घ्या, रीडडिर नेहमी अमुक क्रमाने देईल असं धरून चालू नका. नावाआधी आकडे लावणार असाल तर ०१, ०२ असे लावा, नाहीतर १० हा २ च्या आधी येतो.

बत्तीसशिराळा
ताई, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. हाताने लिहिलेल्या यादीत क्रम डोळ्यांना दिसतो. संपादकात नावावर क्लिक केलं की थेट त्या फाइलीत जाता येतं. कोणती फाइल कुठे वापरलीय ते शोधता येतं. फोल्डर वाचून लोड केलं की हे सगळं गेलं. नवीन मुलगा कामावर येतो, 'गूळ' हा शब्द अख्ख्या प्रोजेक्टमध्ये शोधतो, आणि ती फाइल कोणी वापरत नाही असं समजून पुसून टाकतो. माझ्या डोळ्यांदेखत झालंय हे.

आणखी एक. बंडलरने सगळं एका फाइलीत बांधून सर्व्हरवर टाकायचं ठरवलंत, तर बंडलर फक्त लिहिलेली नावं बघतो. चालताना फोल्डर वाचून काढलेली नावं त्याला कळत नाहीत. मी बांधून पाठवलं, आणि सर्व्हरवर ना फोल्डर ना फाइली.

मुग्धा_विश्रामबाग
शिराळकर, बंडलरचा मुद्दा पूर्ण मान्य. वेबपॅकमध्ये रिक्वायर डॉट कॉन्टेक्स्ट आहे, व्हीटमध्ये इम्पोर्ट मेटा ग्लोब आहे, पण ती त्या-त्या अवजाराची सोय, नोडची नव्हे.

तरी एक सांगते. आमच्या कॉलेजच्या गटात पाच जण एकाच वेळी नवीन फाइली लिहायचे आणि प्रत्येक जण त्याच इंडेक्सच्या शेवटी ओळ घालायचा. रोज संध्याकाळी गिटमध्ये (सगळ्यांचे बदल एकत्र करणारं अवजार) त्याच एका फाइलीवर भांडण. फोल्डर वाचायला लागलो आणि ते संपलं. काटापट्टीदादांचं तसंच आहे. नऊ फाइली, सगळ्यांचा आकार एक, एकीचा दुसरीशी संबंध नाही. इथे फोल्डर वाचणं शोभतं. रस्ते आणि मिडलवेअर (विनंतीच्या वाटेत चालणारा कोड) यांसाठी मी ताईंच्या बाजूने.

वारणाकाठ
फाइली उचलणारी इंडेक्स त्याच फोल्डरात ठेवणार असाल तर स्वतःला वगळायला विसरू नका. इंडेक्स सगळ्या फाइली उचलताना स्वतःलाही रिक्वायर करते आणि तिला स्वतःचंच अर्धवट भरलेलं ऑब्जेक्ट मिळतं. एरर येत नाही, यादीत फक्त एक विचित्र नाव वाढतं. सीक्वलाइझ या डेटाबेस लायब्ररीची सीएलआय (कमांड लाइनचं अवजार) मॉडेल्सच्या, म्हणजे टेबलांच्या वर्णनांच्या, फोल्डरात जी इंडेक्स तयार करून देते, ती उघडून वाचा. टिंबाने सुरू होणारी नावं आणि स्वतःचं नाव ती आधीच गाळते.

त्याच फाइलीत शिकण्यासारखं आणखी आहे. ती दोन फेऱ्या मारते. पहिल्या फेरीत सगळी मॉडेल्स लोड होतात, दुसरीत प्रत्येकाचं असोसिएट फंक्शन बोलावलं जातं. लग्नघरात जसं आधी सगळे पाहुणे येऊ देतात आणि मग कोण कोणाचं कोण ते सांगतात, तसं. हळदीच्या फाइलीला कधी गुळाची गरज लागली तर हळदीने गुळाला थेट रिक्वायर करू नये, दुसऱ्या फेरीची वाट बघावी.

कुपवाड_एमआयडीसी
सगळे जुन्या पद्धतीवरच, म्हणजे रिक्वायरवर, बोलताय. इम्पोर्ट वापरणाऱ्यांसाठी लिहितो.

इएस मॉड्यूल्समध्ये (जावास्क्रिप्टची नवी, इम्पोर्टवाली पद्धत) फोल्डरचं नाव इम्पोर्टला देऊन चालतच नाही, इंडेक्सही शोधली जात नाही. फाइलीचं पूर्ण नाव डॉट जेएससकट लिहावं लागतं. चालताना लोड करायचं तर कंसवालं इम्पोर्ट वापरायचं, ते प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या उत्तराची पावती) देतं, म्हणून यादीवर मॅप चालवून प्रॉमिस डॉट ऑलने थांबायचं. उत्तरं तुमच्या यादीच्या क्रमाने मिळतात, पण फाइली त्याच क्रमाने *चालल्या* असतील याची खात्री नाही. क्रम हवा असेल तर फॉर लूपमध्ये एकेकीला अवेट करा, म्हणजे ती संपेपर्यंत थांबा.

डबल अंडरस्कोर डिरनेम इथे नसतं. नोड २०.११ पासून इम्पोर्ट डॉट मेटा डॉट डिरनेम आहे. आणि विंडोजवर 'सी कोलन'ने सुरू होणारा पत्ता इम्पोर्टला दिला की ते 'सी'ला प्रोटोकॉल समजून एरर देतं. यूआरएल मॉड्यूलमधलं पाथ-टू-फाइल-यूआरएल लावून मग द्या.

नोड २२.१२ पासून रिक्वायरनेही इएस मॉड्यूल लोड होतं, वेगळा फ्लॅग लागत नाही. फक्त त्या मॉड्यूलमध्ये वरच्या पातळीवर अवेट असता कामा नये.

काटापट्टी (सांगली)
बापरे, दोन दिवसांत एवढं! सगळं दोनदा वाचलं. मी रिक्वायरवरच राहतो, कारण लोड होणं सगळं एकदाच, सुरुवातीला होतं. दोन शंका आहेत.

एक, प्रोग्राम चालू असताना नवीन फाइल टाकली तर ती आपोआप येईल का? दुसरी, एखाद्या फाइलीत चूक असेल तर अख्खा प्रोग्राम थांबवायचा की तेवढी फाइल सोडून पुढे जायचं?

मिरजेचा_तंतू
पहिल्याचं उत्तर, नाही. यादी सुरुवातीला एकदाच वाचली जाते. शिवाय एकदा रिक्वायर केलेली फाइल कॅशमध्ये (मेमरीतल्या साठ्यात) राहते, बदलली तरी जुनीच मिळते. फोल्डरवर पहारा ठेवून फाइल आली की लोड करणं जमतं, पण तुमच्या दुकानात तसं करू नका. पेन ड्राइव्हवरून अर्धी कॉपी झालेली फाइल लोड होईल. सौद्याच्या आधी रीस्टार्ट करा.

कृष्णाकाठ_२
दुसऱ्यावर माझं मत: सोडून पुढे जा, पण लॉगमध्ये लिहा. गुळाच्या फाइलीत स्वल्पविराम राहिला म्हणून हळदीचा सौदा का थांबवायचा?

सुमनताई_तासगाव
मला हे पटत नाही. लॉग कोण बघतं? दिवाणजी? सोडून दिलेली फाइल म्हणजे परत उडदाचीच गोष्ट, शेतकरी समोर आणि यादीत माल नाही. प्रोग्राम सकाळी सातला चालूच झाला नाही तर तुम्हाला फोन येईल, आणि सौद्याला अजून वेळ असेल. शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेला माल आहे. त्याच्या हातात पडणाऱ्या कागदात चूक होण्यापेक्षा सकाळी प्रोग्राम अडलेला परवडला.

कृष्णाकाठ_२
ताई, पटलं. माझं म्हणणं मागे घेतो. पण मग जुनी चालणारी प्रत शेजारी ठेवा, म्हणजे फोन आला की पाच मिनिटांत तीवर जाता येईल.

काटापट्टी (सांगली)
आता असं केलंय. पत्ता डिरनेमवरून. गाळणी मुग्धाताईंनी सांगितली तशी. यादी सॉर्ट. प्रत्येक फाइल लोड झाली की नाव आहे का, ते आधी आलंय का आणि हिशेब हे फंक्शनच आहे का ते तपासतो. एकही गोष्ट चुकली तर फाइलीचं नाव सांगून तिथेच थांबतो. शिराळकरांची धास्ती घेऊन प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर लिहिलंय, 'ही फाइल फोल्डरमधून आपोआप लोड होते, पुसू नये'.

आणि हरिपूरच्या काकांच्या कंदिलासारखं एक केलंय. प्रोग्राम चालू झाला की पडद्यावर मोठ्या अक्षरात मालांची संख्या आणि नावं येतात. दिवाणजी ती रोज मोठ्याने वाचतात आणि मामा मान हलवतात. मगच पहिली पट्टी.

हरिपूरचा_नातू
लई बरं वाटलं. मुलालाही वाचायला दिलं.

बत्तीसशिराळा
डोक्यावर लिहिलंत ते उत्तम केलंत. आता तुमचं फोल्डर मला मान्य.

काटापट्टी (सांगली)
चार दिवसांनी परत येतोय. काल रात्री सोयाबीनची फाइल टाकली. मुख्य फाइलीला हात लावला नाही. सकाळी यादीत दहावं नाव आलं. दिवाणजींनी वाचलं, मामांनी मान हलवली. पहिली पट्टी निघाली आणि मामांनी ती परत माझ्याकडे सरकवली, "सोयाबीनची हमाली कुठाय रे?" फाइलीत तोलाई होती, हमाली नव्हती. हिशेब हे फंक्शन होतं, म्हणून तपासणीतून ती सुटली.

मुग्धा_विश्रामबाग
मग तपासणीत प्रत्येक मालासाठी एक ठरलेला वजनाचा नमुना चालवा. शंभर किलो, ठरावीक दर, आणि येणाऱ्या उत्तरात बारदान, हमाली, तोलाई हे तिन्ही रकाने भरलेले आहेत की नाहीत ते बघा.

काटापट्टी (सांगली)
बसतोच आता. दहा फाइलींचे दहा नमुने दिवाणजींकडून जुन्या वह्यांतून काढून घेतो.